वाकड्या दस्त्याची बंदूक

मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे. जत्रेत फुगे फोडायच्या दुकानात असते ना, तीच. पण माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मध्येच बाजूला वळलेला आहे. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतोच. मित्रांनो, तुम्हीही हसलात तर मला राग येणार नाही. फक्त माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका.

मी कोणत्या कारखान्यात तयार झाले ते मला आठवत नाही. मला आठवतं ते चाळीसगावच्या नासीरभाईंचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री, पुढे टेबल आणि मागे फुगे लावलेला लाकडी फळा. आम्ही तीन बंदुका होतो. चाळीसगावचा उरूस झाला की भडगाव, मग नरडाणा, मग धुळे, असं टेम्पोतून आमचं फिरणं चालायचं. तेव्हा माझा दस्ता त्या दोघींसारखाच सरळ होता.

नासीरभाईंची बायको मेहरुन. जत्रेत सगळे तिला भाभी म्हणत. फुगे फुगवायचे, दोऱ्याने बांधायचे, फळ्यावर ओळीने लावायचे, हे काम तिचं. वरची ओळ पिवळी, मग लाल, मग हिरवी, अशी तिची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक जमण्यासाठी दुकानवाल्याने आधी स्वतः काही फुगे फोडून दाखवावे लागतात. नासीरभाईंचा हात थरथरायचा. म्हणून त्यांनी भाभीला शिकवायला घेतलं.

"डावा डोळा मीट. उजव्याने माशी बघ," ते म्हणाले. माझ्या नळीच्या टोकावर छोटा दाणा आहे, त्याला माशी म्हणतात.

"उजव्याने बघितलं तर फळाच दिसत नाही. फुगा कुठून दिसणार?"

"तू नीट बघतच नाहीस."

"मग तुम्ही या, माझ्या डोळ्यात बसून बघा!"

भाभीचा उजवा डोळा लहानपणापासून अधू होता. बघायचं सगळं काम डावा डोळा करायचा. हात मात्र उजवा. मला डाव्या खांद्याला लावलं की चाप ओढताना तिचा हात अडखळायचा आणि माझी नळी हलायची. उजव्या खांद्याला लावलं की माझी माशी अधू डोळ्यासमोर यायची. मान वाकडी करून तिने पुष्कळ प्रयत्न केले. छरे बांबूला लागायचे. बघणारे ओरडायचे, "भाभी, फुगा आजून जित्ता शे!"

भडगावला आमच्या शेजारी पितांबर सुतार पोळपाट-लाटण्यांचं दुकान लावायचे. ते दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पेन्सिल घेऊन आले.

"भाभी, डोळा काही मला सरकवता यायचा नाही. लाकूड सरकवतो."

त्यांनी भाभीला मला खांद्याला लावून उभं केलं, डावा डोळा कुठे येतो ते पाहिलं आणि माझ्यावर खुणा केल्या. मग माझा दस्ता कापला. मला वाटलं, संपलं आता आपलं. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी शिसवीचा एक वळलेला तुकडा मध्ये बसवला. आता दस्ता भाभीच्या उजव्या खांद्यावर टेकायचा आणि नळी बरोबर डाव्या डोळ्यासमोर यायची. भाभीने गाल टेकवला. श्वास रोखला. पहिल्याच छऱ्याला लाल फुगा फुटला.

त्यानंतरची पंधरा वर्षं मी फार मानाने जगले. भाभी दहा छरे घ्यायची आणि दहा फुगे फोडायची. लोक टाळ्या वाजवायचे. मग प्रत्येकाला मीच हवी असायची. नरडाण्याचा वना नावाचा एक धिप्पाड गडी हट्टाने मला घेऊन उभा राहिला. त्याचा एकही छरा लागला नाही.

"हाई बंदूक मंतरेल शे!" तो म्हणाला.

"मंतरलेली नाही रे वना, माझ्या मापाची आहे," भाभी म्हणाली. "तुझा सदरा मला होईल का?"

वना स्वतःच सगळ्यांत जास्त हसला. मला तेव्हा फार गर्व होता. आमचा नेम चुकत नाही, या गर्वातच मी एक गोष्ट कोणाला सांगू शकले नाही. मला तोंड नाही, हे खरं. पण ज्यांना तोंड होतं त्यांनीही विचारलं नाही.

बंदुकीला नेम धरणाऱ्याचा गाल कळतो. त्या पंधरा वर्षांच्या शेवटी शेवटी भाभीचा गाल माझ्यावर फार वेळ राहायचा. पूर्वी ती पटकन चाप ओढायची. आता आधी कोपर टेबलाच्या ठरलेल्या जागी ठेवायची, बोटांनी ती जागा चाचपायची, मग नळी थोडी वर, थोडी बाजूला. फळा कुठे आहे, वरची ओळ किती उंच आहे, दोन फुग्यांत किती अंतर आहे, हे सगळं तिच्या हाताला पाठ होतं. ते फुगे तिनेच तर रोज लावलेले असायचे. मित्रांनो, ती आता बघत नव्हती. ती आठवत होती. आणि फुगे फुटत होते.

घरात मात्र हाताला एवढं पाठ नव्हतं. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं. नासीरभाई ताटावरून उठता उठता म्हणाले, "एवढ्या लांबचा फुगा दिसतो आणि हातातलं मीठ दिसत नाही?"

भाभीने त्यांचं ताट चाचपत उचललं.

तिला तहान फार लागायची. ती थकायची. त्यांची मुलगी हुमा म्हणाली, "अब्बू, अम्मीला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ या."

"हिला? दहात दहा फोडते ती! डॉक्टरच येईल हिच्याकडे नेम शिकायला."

सगळे हसले. भाभीही हसली आणि म्हणाली, "मला काय झालंय? नेम तर लागतोय." मला वाटतं, तिचीही तशी खात्री पटली होती. फुगा फुटल्याचा आवाज आला की तिला धीर यायचा.

मग नरडाण्याची जत्रा आली. दुपारी ऊन फुग्यांवर यायला लागलं आणि फुगे आपोआप फुटायला लागले. भाभी पाणी प्यायला गेली होती. नासीरभाईंनी फळा ओढून दोन हात डावीकडे सावलीत नेला. वाईट हेतू काहीच नव्हता. ऊन चुकवायला दुकानवाले असंच करतात.

भाभी आली. गर्दी जमली होती. तिने कोपर ठेवलं, गाल टेकवला आणि चाप ओढला. छरा मागच्या ताडपत्रीवर लागला. दुसराही. तिसराही. दहाच्या दहा छरे रिकाम्या जागेत गेले. कोणीतरी शीळ घातली. भाभीने मला टेबलावर ठेवलं आणि नासीरभाईंच्या बाहीला धरून हळूच विचारलं,

"अजी, फळा कुठे आहे?"

फळा तिच्यासमोर चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी ते तिला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. काय झालं ते हुमाने घरी येऊन शेजारच्या सुमनबाईंना सांगितलं, तेव्हा मी कोपऱ्यात होते. भाभीला साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. त्याने चांगल्या डोळ्याचा पडदा खराब केला होता आणि मूत्रपिंडंही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी तिला आणलं असतं तर पुष्कळ वाचवता आलं असतं. नासीरभाईंनी त्यांना सांगितलं, "साहेब, तिचा नेम चुकत नव्हता."

भाभी त्यानंतर चौदा महिने होती. शेवटी तिला फक्त उजेड-अंधार कळायचा. गेल्या वर्षी रमजानच्या आधी ती गेली.

नासीरभाई अजून दुकान लावतात. मला सोबत नेतात, पण कोणाच्या हातात देत नाहीत. कोणी म्हणतं, दस्ता सरळ करून घ्या, बंदूक अजून चांगली आहे. ते मान हलवतात. दुकानात एखाद्या बाईने किंवा म्हाताऱ्या माणसाने सगळे फुगे फोडले, तर सगळे टाळ्या वाजवतात. नासीरभाई टाळ्या वाजवत नाहीत. ते त्याला जवळ बोलावून विचारतात, "डोळे कधी दाखवले होते?" लोकांना ते विचित्र वाटतं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, असं मी सांगणार नाही. माझं काम झालं आहे. तुमच्या घरात जे माणूस कधी चुकत नाही, त्याच्याकडे लक्ष द्या. काम बरोबर होतं म्हणजे माणूस बरं आहे, असं धरून चालू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याला नीट दिसतं का, ते विचारा. आणि ते हसून म्हणालं, "मला काय झालंय?" तर तेवढ्यावर थांबू नका. नासीरभाई तेवढ्यावरच थांबले होते.