एक वर्ष, एक दिवस आणि सातवा गिल्बर्ट

आमच्या हेझलफर्डात गिल्बर्ट इतके झालेत, की बाजारात नुसती हाक मारली तरी सात माना वळतात. म्हणून आम्ही प्रत्येकाला शेपूट लावून ठेवलंय. भट्टीवाला गिल्बर्ट, पुलापलीकडचा गिल्बर्ट, तांबड्या केसांचा गिल्बर्ट. एकाला सगळे पाणीप्या म्हणतात, कारण जन्मात त्याने पाण्याला तोंड लावलेलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. गावातला बिअरचा गुत्ता माझाच आहे.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमाराला सातवा आला. छपरं शाकारणारा. ब्रॅमलीच्या सरदाराकडे वेठीला होता, तिथून पळालेला. वेठीचा माणूस आमच्यासारख्या शहराच्या तटाच्या आत एक वर्ष आणि एक दिवस राहिला, की तो स्वतंत्र होतो. मग सरदाराचा बाप आला तरी त्याला नेऊ शकत नाही. फक्त बारा शेजाऱ्यांनी शपथेवर सांगावं लागतं, की अमुक नावाचा हा माणूस एवढे दिवस आमच्यात राहिला.

ते वर्षभर त्याने माझं छप्पर शाकारलं. एकच छप्पर. गिऱ्हाइकं विचारायची, "हॅविसबाई, छप्पर आहे की चर्चचा मनोरा?" मी डाव उगारायची. माझ्या पहिल्या नवऱ्याने अर्धी बिअर विकायच्या आधीच ढोसली होती, त्यामुळे पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही असं मी सगळ्या गावाला ओरडून सांगितलेलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. पण तो शिडीवरून वेळेवर उतरला नाही, तर मला घास गिळवत नसे. काय ते समजून घ्या.

दिवस भरले त्या सकाळी गावकचेरीत मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. सरदाराचा कारभारी फुल्क दोन गडी आणि एक दोर घेऊन आला होता. गिल्बर्ट टोपी काढून मधोमध उभा. जर्वेस कारकुनाने बारा जणांना संतांच्या अस्थींवर हात ठेवायला लावून शपथ दिली, बोरू शाईत बुडवला आणि भट्टीवाल्याला विचारलं, "ह्याचं नाव काय?"

"गिल्बर्ट लांबटांग्या. माझ्या दारातून वाकून येतो."

"काहीतरीच!" चांभार हॅमो उसळला. "आमची अख्खी गल्ली त्याला शीळवाला म्हणते."

"तुमच्या गल्लीत असेल. आमच्या गिरणीवर त्याला ब्रॅमलीकर म्हणतात," वॉरिन म्हणाला.

"अरे गाढवा, निदान इथे तरी ब्रॅमलीचं नाव काढू नकोस!"

"शपथ घेतलीय मी. तुझ्यासाठी नरकात जाऊ?"

एवढ्यात खालच्या आळीकडून 'गवत्या' असं चौथं नाव आलं. आपण ठेवलेलं नाव सोडायला कुणी तयार होईना, आणि अस्थींवर हात ठेवून दुसऱ्याचं नाव सांगायची कुणाची छाती होईना. जर्वेसने बोरू खाली ठेवला.

"चार नावं म्हणजे माझ्या लेखी चार माणसं. प्रत्येकाला तीन-तीन साक्षीदार. नियम बारांचा आहे."

"मग चौघांनाही नेतो, साहेब," फुल्क हसला. "एकाच दोरात मावतील."

लोकही हसले, मेले! गिल्बर्ट दोराकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि ते मला सहन होईना.

"लाज वाटते का रे तुम्हाला?" मी ओरडले. "एका माणसाला एक नाव देता येत नाही? आजपासून माझ्या दारात एकाने पाऊल टाकून बघा!"

"हॅविसबाई, खाली बसा," जर्वेस म्हणाला. मग बारा जणांकडे वळून त्याने विचारलं, "समजा, तुमचं छप्पर गळतंय. सातांतला नेमका हाच गिल्बर्ट हवाय. तर निरोप काय पाठवता?"

बाराही जण आपापले जोडे न्याहाळू लागले.

"म्हणजे... ते आपलं आमच्या आमच्यात..." भट्टीवाला चाचरला.

"शपथेवर आहेस तू."

"हॅविसचा गिल्बर्ट," तो पुटपुटला.

"हॅविसचा गिल्बर्ट," हॅमो म्हणाला. मग वॉरिन. मग एकामागून एक सगळे, शेवटचे तिघे तर एका सुरात. वर्षभर माझ्या पाठीमागे हे चाललं होतं! कान असे तापले, की वर कढई ठेवली असती तर उकळली असती.

"ही बाई ह्याची कोण?" फुल्क ओरडला. "विधवेचं नाव कुणीही वापरायचं?"

"हे मात्र खरं," जर्वेस म्हणाला. "नाव तुमचं आहे, बाई. तुमची ना असेल तर मला लिहिता येणार नाही. आणि एकदा लिहिलं, की त्याच्या पोरानातवंडांनाही तेच लागेल. बघा विचार करून."

एका बाजूला माझा वर्षभराचा ताठा, दुसऱ्या बाजूला तो दोर. विचार कसला करायचा त्यात?

"लिहा," मी म्हटलं. "पोरांचं आम्ही दोघं बघून घेऊ."

असा गलका झाला की विचारू नका. पाणीप्याने टोपी उडवली, ती थेट फुल्कच्या डोक्यावर जाऊन बसली. जर्वेसने लिहिलं, ओल्या शाईवर वाळू टाकली, फुंकर मारली. फुल्क दोर गुंडाळत निघून गेला.

"ह्या नावाबद्दल मला कुणी विचारणार आहे का?" गिल्बर्टने तोंड उघडलं.

"का? पसंत नाही?" मी कमरेवर हात ठेवले.

"पसंत आहे. मीच ठेवलं होतं." त्याने टोपी हातात चुरगळली. "आलो त्याच दिवशी भट्टीवाल्याने विचारलं, 'कुठला गिल्बर्ट म्हणायचं तुला?' मी तुला नुसतं दारात उभं बघितलं होतं. म्हटलं, हॅविसचा."

मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते. पण भर कचेरीत, सगळ्या गावादेखत, मला हसताहसता रडूच फुटलं.