एका दुप्पट कोठीची कैफियत

हसा, पोटभर हसा! मला बघून हसलं नाही असं माणूस आमच्या लोहा गावात मला अजून भेटायचंय. मी ज्वारीची कोठी बोलतेय, पत्र्याची.

तय्यबभाईच्या दुकानात माझा जन्म झाला. गिऱ्हाईक होती पंचशीलाताई. तिच्या सासूची, सरजाबाईची, जुनी कोठी एका पोत्याची. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. यंदा ज्वारी झाली दोन पोती. ताई म्हणाली, "तय्यबभाई, हिच्या दुप्पट करून द्या. न्हाईतर एक पोतं उंदरायचं."

"हाव ताई, दुप्पट म्हंजे दुप्पट!" असं म्हणून भाईनं सगळंच दुप्पट केलं. लांबी तीन फूट, रुंदी तीन, उंची चार.

त्याची बायको हाजराबी म्हणाली, "अजी, दुप्पट कोठीला चौपट पत्रा कसा लागून राहिला?"

"तुला काय कळतंय? तीस वर्षं झाली पत्रा कापून राहिलो मी."

मला काय, मी आपली खूश. टेम्पोतून ऐटीत उतरले अन् ताईच्या अडीच फुटी दारात अडकले! आडवी केली, तिरकी केली, छे. शेवटी अंगणातच दोन्ही पोती माझ्यात ओतली. ज्वारी जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत आली.

सरजाबाई आत डोकावून ओरडली, "अगं सुनबाई, ज्वारी गेली कुठं?" सगळी आळी हसली. तय्यबभाईचं तोंड एवढंसं झालं.

"उद्या कापून लहान करतो," तो पुटपुटला. 

दुसऱ्या दिवशी कातर घेऊन आला. खडूनं माझ्या लांबीच्या मधोमध रेघ ओढली, रुंदीच्या मधोमध ओढली, उंचीच्याही. पंचशीलाताई त्या रेघांनी पडणारे खण मोजू लागली. वर चार, खाली चार, अन् एकेक हुबेहूब जुन्या कोठीएवढा.

"भाई, ह्यात तर आठ कोठ्या हायत!"

भाई मटकन खाली बसला. "लांबी दुप्पट केली तवाच दोन झाल्या की. रुंदीनं चार केल्या, उंचीनं आठ. या अल्ला!"

"मग कापतो कशाला मुडद्या?" सरजाबाई कडाडली. "मधी पत्रे ठोक, आळीतल्या बायकायची ज्वारी बी मावंल. उंदरानं आळीत कुणाचं पोतं सोडलंय?"

वाचले बाई!

आता मी समाजमंदिराच्या पडवीत असते. आठ कप्पे, आठ कुलपं. दोन ताईचे, पाच शेजारणींचे. आठवा मात्र रिकामाच होता. रिकाम्या पोटानं उभं राहणं कोठीच्या जातीला सोसत नाही हो.

मग एका सकाळी हाजराबी ऑटोतून पोतं घेऊन उतरली. मागून तय्यबभाई धावत आला. "अगं, लोक काय म्हणतील? कोठीवाल्याची ज्वारी परक्या कोठीत?"

"तीस वर्षं लोकायच्या कोठ्या केल्या," हाजराबी म्हणाली, "घरात एक तरी केली का?"

भाईनं स्वतःच्या हातानं पोतं ओतलं, कुलूप लावलं अन् किल्ली तिच्या हातात दिली.

माझं पोट भरलं. तेवढं एकच मागणं आहे, कारागिराला दुप्पट सांगाल तेव्हा किती पोती बसवायची तेही सांगा. अन् दाराचं माप आधी घ्या.