न्हाणीघरातल्या बाकाची गिटार

मी गिटार बोलतेय. पण दुकानातली नव्हे! विल्यांदी गावात हेल्दुरच्या घरामागे वाफेचं न्हाणीघर होतं, तिथल्या बाकाची मी फळी. चाळीस वर्षं त्या घराण्याचा घाम आणि वजन सोसलं. मी कुणाला भिणार?

हेल्दुरने बाक उचकटला, तारांचा आवाज पकडायला सार्वजनिक फोनच्या रिसिव्हरमधलं लोहचुंबक लांबवलं आणि मला घडवलं. त्याची आई साल्मे कडाडली, "मेल्या, आता शनिवारी वाफ घ्यायला बसायचं कशावर? तुझ्या डोक्यावर?"

"तू उभी राहा गं आई. मी गातो!"

तेव्हा आमच्या चिमुकल्या देशावर मॉस्कोचा अंमल होता. प्रत्येक गाण्याचे शब्द आधी सरकारी साहेबाला दाखवायचे, शिक्का मिळाला तरच गायचं. हेल्दुरच्या मामाला सायबेरियाला नेलं होतं. त्याने लावलेल्या सफरचंदाच्या झाडावर हेल्दुरने गाणं केलं. साहेबाने त्यावर लाल रेघ ओढली. "हे तोंडातून काढलंस तर याद राख."

पण गाणं टेपवरून घरोघरी कधीच पोचलं होतं. कार्यक्रमात हेल्दुर ओठ मिटून उभा राहिला आणि त्याने नुसती माझ्या तारांवर चाल वाजवली. पहिल्या रांगेतला साहेब निर्धास्त. वेडाच तो! आमच्याकडे माणूस चालायला लागला की गायनमंडळात जातो. मागून एका बाईने शब्द उचलले आणि बघता बघता सगळं सभागृह उंच-खालच्या चार पट्ट्यांत, एकमेकांत सूर मिसळून गाऊ लागलं. साहेबाची बायकोसुद्धा.

नऊ वर्षं हेल्दुरला मंच बंद. कारखान्याच्या भट्टीत त्याने कोळसा टाकला. "चूक झाली असं लिहून दे, सोडतो," साहेब म्हणाला.

"झालीच चूक. आणखी मोठ्याने वाजवायला हवं होतं."

पुढे देश मोकळा झाला. गेल्या हिवाळ्यात हेल्दुर गेला आणि मला संग्रहालयात काचेआड ठेवलं. तारा काढायचंही ठरलं होतं. मला इतका संताप आला!

काल त्याची लेक लेलो आली. तिने सरळ काच सरकवून मला उचललं.

म्हातारा रखवालदार धावला. "अहो बाई, हात लावायला मनाई आहे!"

"बाबांनाही मनाईच होती," ती म्हणाली आणि मला सुरात लावू लागली.

मामाच्या झाडाची चाल निघाली. रखवालदाराने एकदा दाराकडे पाहिलं, टोपी काढली आणि खालची पट्टी धरली.

लोकहो, माझ्या तारा काढू नका. काढल्यात तरी हे गाव गायचं थांबणार नाही.