पत्रिका जुळत नाही

आनंदीबाईंच्या मते खरं पुणं पेठांपाशी संपतं. त्यापुढे जे काही आहे ते लोकांची सोय म्हणून झालेलं आहे. तिथे राहावं लागलं तर राहावं, पण त्याला पुणं म्हणू नये. त्यामुळे मुलाने, केयूरने, कंपनी जवळ पडते म्हणून हडपसरला फ्लॅट घेतला आणि आईला नारायण पेठेतून तिकडे नेलं, तेव्हा त्या चार दिवस म्हणून आल्या. त्या चार दिवसांना आता दहाएक वर्षं होऊन गेली होती.

मग त्यांचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग किल्ल्या फ्रिजमध्ये सापडू लागल्या, मग माणसांची नावं गेली आणि शेवटी माणसंच गेली. डॉक्टरांनी डिमेन्शिया असं नाव सांगितलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. परक्याच्या घरी कसं बसावं, काय बोलावं आणि काय मनात ठेवावं, यातलं काही म्हणता काही आनंदीबाई विसरल्या नव्हत्या.

आणि हे घर परक्याचं आहे, याविषयी त्यांना शंका नव्हती. आपलं घर नारायण पेठेत. म्हणजे आपण कुणाकडे तरी आलोय. सकाळची वेळ आहे, अंगावर बरी साडी आहे, आणि आतून एक बाई पोह्यांची बशी घेऊन येते आहे. यातून पेठेतल्या कुठल्याही शहाण्या बाईने जो अर्थ काढला असता, तोच त्यांनी काढला. आपण केयूरसाठी मुलगी बघायला आलोय.

मुलगी म्हणजे कादंबरी. त्यांची सून, वय वर्षं पन्नास, चष्म्याचा नंबर नुकताच वाढलेला.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा कादंबरी हसली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्या जे समजतील ते खोडून काढू नका, सोबत चला. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं नाही, हे पथ्य पुण्यात पाळणं किती अवघड असतं ते डॉक्टरांना ठाऊक नसावं. तरी दोघांनी ते पाळलं. त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी आनंदीबाई मांडीवर पर्स घेऊन सोफ्यावर ताठ बसत आणि बघण्याचा कार्यक्रम सुरू होई.

"आपल्याला एवढी एकच का?" त्या केयूरला विचारत. केयूरच्या डोक्यावर केस नावापुरते उरले होते. मुलीचा बाप म्हणून तो शोभत होता.

"हो, एकच," केयूर म्हणे. बायको एकच असल्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

"आमचा मुलगा हुशार आहे हो. पण हातून इकडची काडी तिकडे होत नाही. आधी सांगितलेलं बरं."

कादंबरी बशी ठेवता ठेवता नवऱ्याकडे बघे. लग्नाआधी इतकी स्वच्छ माहिती तिला कुणी दिली नव्हती.

भिंतीवर श्रीधरपंतांचा, म्हणजे आनंदीबाईंच्या दिवंगत यजमानांचा, हार घातलेला फोटो होता. त्याकडे त्या जरा वेळ बघत. "कोण हो हे? आमच्या ह्यांच्यासारखे दिसतात. पण आमचे हे जरा उजवे."

मग मुलीला प्रश्न. नाव काय, शिक्षण काय. "कॉलेजात शिकवते, जीवशास्त्र," कादंबरी सांगे. आणि सगळ्यात शेवटी, बशी खाली ठेवून, एक प्रश्न ठरलेला असे. "घरात कुणाचं मोठं आजारपण काढलंयस?"

"आजोबांचं काढलंय. त्यांना पक्षाघात झाला होता."

इथे आनंदीबाईंचा चेहरा दार लोटून घ्यावं तसा बंद होई. "बरं. पत्रिका बघून कळवतो," असं म्हणून त्या पर्सची चेन ओढत. आणि दुपारी जेवताना त्याच कादंबरीला सांगत, "सकाळची मुलगी काही जमत नाही. पत्रिका जुळत नाही."

"हो का? वाईट झालं," असं म्हणत कादंबरी त्यांना दहीभात कालवून देई.

गंमत अशी, की हे सगळं असंच्या असं एकदा खरोखर झालेलं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी, कादंबरीच्या वडिलांच्या कोथरूडच्या घरी. तेव्हाही शेवटचा प्रश्न हाच होता, आणि तिने आजोबांचं सगळं उत्साहाने सांगितलं होतं, अगदी त्यांची कूस कशी बदलायची इथपर्यंत. आईने टेबलाखालून पाय मारला होता, पण तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी निरोप आला. पत्रिका जुळत नाही. पुण्यात मुलगी नाकारण्याचं याहून सभ्य कारण नाही, आणि याहून लागणारंही नाही.

केयूरला मुलगी आवडली होती. तो एकटाच स्कूटरवरून परत कोथरूडला गेला आणि म्हणाला, "मी पत्रिका बघितलेली नाही, मुलगी बघितली आहे." त्याने आयुष्यात घेतलेला हा एकमेव ठाम निर्णय. त्यानंतर त्याने ठाम असं काही केलं नाही.

लग्न आनंदीबाईंनी रीतसर करून दिलं, पण 'पसंत' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. कादंबरी ओट्यापाशी गेली की म्हणायच्या, "इथे लुडबुड नको. तुझं कॉलेज बघ." एकदा त्या पडल्या आणि मनगट मोडलं, तर वेणी घालायलासुद्धा शेजारच्या सुशीलाबाईंना बोलावलं, सुनेला हात लावू दिला नाही. कादंबरीला ते फार लागलं होतं. नावडतीचं मीठ अळणी, हे तिने तेव्हाच मनाशी धरलं आणि ते पुढे कधी सुटलं नाही.

आता मात्र वेणी तीच घालत होती. अंघोळही तीच. त्यासाठी वर्षभर बिनपगारी रजा घेतली होती, आणि कॉलेजने कळवलं होतं की जूनमध्ये या किंवा राजीनामा द्या. बंगळुरूच्या नणंदेने, उत्कर्षाने, वाघोलीला अशा रुग्णांना ठेवून घेणारी एक संस्था शोधून काढली होती. शिकवलेली माणसं, मोठं आवार, झाडं, सगळं. एक खोली रिकामी झाली होती आणि रविवारपर्यंत ती राखून ठेवलेली होती.

"तू म्हणशील तसं," केयूर म्हणाला. नवऱ्यांच्या हातात हा एक हुकमी डाव असतो. हरला तरी हरलेला दिसत नाही.

कादंबरीचं जवळजवळ ठरलं होतं. ज्या बाईने मला एकदाही आपलं म्हटलं नाही, तिच्यासाठी मी नोकरी का सोडू? हे ती स्वतःला रोज विचारत होती आणि उत्तर रोज बरोबर येत होतं. पण मनात एक काटा होता. आनंदीबाईंना वाघोलीला पोचवण्याआधी तिला एकदा, फक्त एकदा, पसंत व्हायचं होतं. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. म्हणून ती गुपचूप प्रयत्न करत होती. पोह्यांवर ओलं खोबरं जास्त आलं. मग लिंबू आलं. मग कपाटातली मोरपंखी साडी आली. आनंदीबाईंनी सगळं खाल्लं, साडीचं कौतुक केलं, आणि पत्रिका काही जुळली नाही.

शनिवारी तिने ठरवलं, की आता उत्तरच बदलायचं.

"घरात कुणाचं मोठं आजारपण काढलंयस?"

"नाही," कादंबरी म्हणाली. "कधीच नाही. मला ते जमतच नाही."

आनंदीबाईंचा चेहरा उजळला. असा उजळलेला तिने नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता. "मग झालं तर," त्या केयूरकडे वळून म्हणाल्या. "मुलगी पसंत आहे आम्हाला."

केयूरच्या हातातला चमचा बशीवर वाजला. कादंबरीला क्षणभर खरंच आनंद झाला, शाळकरी मुलीला व्हावा तसा. आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. एवढ्या एका खोट्यासाठी आपण इतकी वर्षं नापास होतो? ती पदर सावरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"आणि मी कुणाचं केलं असतं तर? अशी मुलगी वाईट असते का?"

"वाईट कशाला?" आनंदीबाईंनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "तीच चांगली असते." मग केयूरकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या वडिलांना कशाला ऐकवायचं. तुला म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंना सगळं विसरायला झालं होतं. मला बाई म्हणून हाक मारायच्या. त्यांचं मी केलं. त्यांनी त्यांच्या सासूचं केलं होतं. आमच्या घरात हे सासूकडून सुनेकडे येतं."

कादंबरी वर्षानुवर्षं बारावीला आनुवंशिकता शिकवत आली होती. हा नियम तिच्या पुस्तकात नव्हता.

"उद्या माझंही डोकं जायचं," आनंदीबाई म्हणाल्या. "मग कुणीतरी करत बसणार. ज्या मुलीला करायची सवय असते ना, तिला सोडवत नाही. शिक्षण, नोकरी, सगळं चुलीत घालते आणि करते. तशी एक बघितली होती मी, कोथरूडची. आजोबांचं केलेलं सांगत होती, इतकं मन लावून की काय सांगू. फार आवडली मला. अगदी ओठांवर आलं होतं पसंत म्हणून. पण म्हटलं, नको. त्या पोरीला कशाला अडकवायचं? कळवलं, पत्रिका जुळत नाही."

"मग?" कादंबरीने विचारलं. "तिचं पुढे काय झालं?"

"व्हायचंय काय? पडली असेल एखाद्या चांगल्या घरी. सुखात असेल." आणि त्यांनी पोह्यांचा घास घेतला.

कादंबरी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि रडली. डॉक्टर म्हणाले होते की असे रुग्ण रिकाम्या जागा गोष्टींनी भरतात, तेव्हा सगळंच खरं धरू नका. तिने प्रयत्न करून बघितला. पण ओट्यावरून हाकलणारा तो आवाज तिला आठवत राहिला. तुझं कॉलेज बघ. मोडलेल्या मनगटाची बाई आठवली, सुनेला वेणीला हात न लावू देणारी. इतकी वर्षं तिने हे सगळं मनात अपमानाच्या खाती टाकलं होतं. आता ते तिथून काढून ठेवायचं कुठे, ते तिला कळेना. सासूवर रागावलेलं राहणं किती सोपं असतं.

केयूर दारात येऊन उभा राहिला. त्याचेही डोळे लाल होते. "मग वाघोलीला काय कळवायचं?"

"मुलीकडून होकार आहे," कादंबरी नाक पुसत म्हणाली. "पण अटी आहेत."

केयूर स्टुलावर बसला. बापाच्या भूमिकेतून तो एकदम मुलाच्या भूमिकेत आला होता.

"जूनपासून मी कॉलेजला जाणार. दिवसा कामाच्या जयाताईंना पूर्णवेळ बोलवायचं. निम्मा आठवडा तू घरून काम करायचंस, आणि त्या दिवसांत आईंची अंघोळसुद्धा तू बघायचीस. नाही झेपलं तर वाघोली कुठे पळून जात नाही, पण तेव्हा दोघं मिळून ठरवू. 'तू म्हणशील तसं' चालणार नाही. आणि उद्यापासून पोहे तू करायचेस."

"मला येत नाहीत गं."

"माहितीये. तुझ्या आईने आधीच सांगितलंय."

रविवारी सकाळी केयूर कांदा चिरत होता. चिरत होता म्हणजे कांद्याशी भांडत होता. बाहेर आनंदीबाई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या होत्या. कालचा होकार त्यांच्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं. मुलगी अजून यायची होती. इतक्यात संस्थेचा फोन आला. खोलीचं काय ठरलं, असं पलीकडच्या बाई विचारत होत्या.

"नाही जमत," कादंबरी म्हणाली.

"आमच्याकडे काही कमी वाटलं का, मॅडम?"

"छे हो. संस्था फार चांगली आहे तुमची." तिने सोफ्याकडे बघितलं. आनंदीबाई कान देऊन ऐकत होत्या. "पत्रिका जुळत नाही."

तिने फोन ठेवला.

"कुठलं स्थळ होतं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"वाघोलीचं."

"वाघोली?" त्यांनी पर्स जरा जवळ ओढली. "बरं केलंस. इतक्या लांब आपलं माणूस देऊ नये."