गोबनेटचा विस्तव

मित्रांनो, कोपऱ्यात एक पाय मोडलेला जुना लोखंडी हंडा दिसतो ना, तो मी. आयर्लंडातल्या एका गवती छपराच्या घरात मी चुलीवर जन्म काढला. बटाटे उकडले, पोरांच्या आंघोळीचे पाणी तापवले. म्हातारी गोबनेट मला घासून झाल्यावर हळूच थोपटायची, तेवढ्यावर मी खूश असे.

आमच्या चुलीतला विस्तव तिच्या आजेसासूच्या वेळेपासून विझला नव्हता. रोज रात्री ती निखारे राखेखाली निजवायची आणि सकाळी फुंकर घालून जागे करायची. जमीनही पूर्वी त्यांचीच होती. पण गावचा जमीनमालक राज्यकर्त्यांच्या चर्चचा, हे वेगळ्या चर्चचे; म्हणून जमीन त्याची झाली आणि हे आपल्याच रानात कुळे झाले. शहाणी कुळे घराची भिंत मुद्दाम कळकट ठेवत, कारण घर नीटनेटके दिसले की मालकाचा कारभारी जमिनीचा खंड वाढवायचा.

गोबनेटचा मुलगा टायग लग्न करून ओनोराला घेऊन आला. पोर भारी हौशी. तिच्या माहेरी मालक कधी फिरकतच नसे, तिला बिचारीला काय ठाऊक! सासू बाजाराला गेलेली पाहून तिने पुढच्या भिंतीला चुना दिला.

"अगं बये, हे काय करून बसलीस?"

"आई, किती घाण दिसत होतं!"

"घाण होतं म्हणून तर आपलं होतं, पोरी!"

कारभाऱ्याला पांढरी भिंत लांबूनच दिसली. "बरं चाललंय की तुमचं!" म्हणत त्याने घोड्यावरूनच खंड वाढवला. पुढच्या वर्षी बटाटे शेतातच सडले, खंड थकला आणि शिपाई दारात आले. आधी चूल विझवायची, मग छप्पर पाडायचे, ही त्यांची रीत. चूल थंड झाली की घर मालकाचे. ओनोरा रडून विनवत होती. गोबनेटने निखारे माझ्या पोटात भरले, वर राख पसरली आणि मला शालीखाली घेऊन ती बाहेर पडली. मला चटक्यांची सवय होती. तिच्या हातांना नव्हती.

टेकडीपलीकडे तिची धाकटी बहीण मुरिन राहायची. तिने दाराची वरची फळी तेवढी उघडली.

"ताई, तुम्हाला आत घेतलं तर उद्या आमचंही छप्पर जाईल गं. कारभाऱ्यानं सगळ्यांना बजावलंय."

"आम्हाला नको घेऊस. ह्याला घे," गोबनेटने मला पुढे केले. "विझू देऊ नकोस."

मुरिनने मला आत घेतले. तिच्या चुलीपाशी बसून मी त्या तिघांना पावसात जाताना पाहिले. ओनोरा मान खाली घालून मागे राहिली होती. गोबनेट थांबली आणि तिचा हात धरून म्हणाली, "भिंत छान दिसत होती हो, पोरी."

ते पुन्हा आले नाहीत. मुरिन रोज रात्री निखाऱ्यांवर राख ओढताना "ताईचा आहे" असे पुटपुटायची आणि डोळे पुसायची. ती गेली, घरात नवी शेगडी आली आणि एका सकाळी विस्तव विझलेला होता. कुणाच्या लक्षातही आले नाही. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, माझा गंज काढलात तर उपकार होतील. नाही काढलात तरी चालेल. पण दारात कुणी उभे राहिले, तर त्या दिवशी विस्तवाला मिळाली तेवढी जागा माणसालाही द्या.