दोरीचं दुसरं टोक

“वलमजीभाईंकडे जेवणाचं नोतरं गोराच्या हाती धाडू नका. तुम्ही स्वतः जा. ओट्यावरून बोलून परत फिरू नका. आत जा, पाण्याच्या हंड्यांपाशी बसा आणि आपल्या तोंडाने पाणी मागा.”

रळियातने अंथरुणावरून नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं होतं. त्रंबकलालांनी तिचा हात धरून “जाईन” म्हटलं. त्याला तीन वर्षं झाली. तीन नवरात्रं आली आणि गेली, दर वर्षी ते मनाशी म्हणत, दिवाळीनंतर बघू.

त्रंबकलाल गावातले जुने वकील आणि कंसारा, म्हणजे तांबट, न्यातीचे बावीस वर्षांपासूनचे प्रमुख. ते बाजारातून निघाले की तांब्याच्या भांड्यांवर पडणारे ठोके थांबायचे, दुकानादुकानातून माणसं उठून उभी राहायची. ते पुढे गेले की ठोके पुन्हा सुरू. न्यातीच्या पंगतीत त्यांचं पान पहिलं, आणि शेजारचं पान आदर म्हणून रिकामं ठेवलेलं. त्यामुळे मिठाचं भांडंसुद्धा त्यांना कुणाकडे मागता येत नसे.

घरी आता ते एकटेच. तुळशीला पाणी घालून देवीपुढे दिवा लावल्याशिवाय धान्य तोंडात घालायचं नाही, हा रळियातचा नेम. ती गेल्यावर तो त्यांनी उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. वात त्यांना नीट वळता येत नसे, दिवा फडफडायचा, आणि तो स्थिर होईपर्यंत ते हात जोडून उभे राहायचे. मग खिचडी. शेजारची जसुबेन कधी बाजरीचा रोटला आणून ठेवी आणि पदर सावरत मागे फिरे. “बस ना, बेन,” असं म्हणायचं त्यांच्या ओठावर यायचं, पण ती तोवर फाटकाबाहेर गेलेली असे.

नवरात्रातल्या आठमीला काळकामातेचं न्यातजेवण. आदल्या दिवशी न्यातीचा भटजी प्रभाशंकर गोर घरोघर जाऊन नोतरं देई. पहिलं नोतरं प्रमुखांच्या दारात. त्या सकाळीही गोराने उंबऱ्याबाहेरून हाक दिली, “त्रंबकभाईंकडे सागमटे!” म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, उद्या इथली चूल पेटायची नाही.

“आम्ही सगळे येऊ,” त्रंबकलाल आतून म्हणाले. उत्तर द्यायची रीत तीच. मागे वळून पाहिलं तर खुंटीवर काळा कोट लटकत होता, तेवढाच.

दुपारी तीनच्या सुमारास गोर परत आला. बरोबर न्यातीचा मंत्री हरजीवन. गोराचा चेहरा पार उतरलेला.

“साहेब, या गोरबापांना आता घरी बसवा,” हरजीवन बसायच्या आधीच म्हणाला. “वलमजीच्या दारात सागमटे म्हणून आलेत!”

“माझी काय चूक?” गोर काकुळतीला आला. “डोळ्यांत मोतीबिंदू. मी ओटे मोजत जातो. सात ओटे झाले की आठवं दार वलमजीभाईंचं, ते सोडायचं. नऊ वर्षं सोडतोय. यंदा गटारासाठी माणेकबाईंचा ओटा तोडला, ते माझ्या पायांना कुणी सांगितलं?”

“म्हणजे वलमजीला नोतरं, आणि पुढच्या केशवलालचं दार सुटलं. तो तिकडे फुगून बसलाय तो वेगळाच.”

त्रंबकलालांना हसू आलं, पण हसायला सोबत लागते. ते मिशीतच राहिलं.

“साहेब, तुमची एक चिठ्ठी द्या,” हरजीवन म्हणाला. “नोतरं चुकून दिलं, येऊ नये, एवढंच. न्यातीला कोर्टात खेचणाऱ्याला पंगत नाही, हा ठराव तुमच्याच सहीचा आहे.”

“वलमजी काय म्हणाला?” त्रंबकलालांनी गोराला विचारलं.

गोराने हरजीवनकडे पाहिलं. “वलमजीभाईंच्या पत्नी मोतीबेन बाहेर आल्या. नोतऱ्याचं कुंकू कपाळाला लावून घेतलं, रडायलाच लागल्या. वलमजीभाई आतूनच म्हणाले, ‘गोरबापा, तुमच्याकडून नोतरं घ्यायचं नाही. दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं त्याला पाठवा.’”

“म्हातारा अजून तेच धरून बसलाय,” हरजीवन म्हणाला.



न्यातीच्या जेवणावळी होत त्या वाडीमागे वलमजीच्या घराला लागून एक अरुंद पट्टी होती. जेवणाच्या मोठमोठ्या कढया ठेवायला जागा पुरेना, तेव्हा वलमजीच्या बापाने ती वर्षातले चार दिवस वापरायला दिली. पट्टी मोजली त्या दिवशी दोरीचं एक टोक बापाच्या हातात होतं, दुसरं त्रंबकच्या. मॅट्रिकचं वर्ष. वलमजी बाजूला उभा राहून त्याला चिडवत होता, “नीट ताण रे, वकील व्हायचंय ना तुला!” कागद कुणी केला नाही. आपल्याच माणसांत कागद कशाला?

पुढे न्यातीने तिथे भिंत घालून ती पट्टी आपलीच केली. वलमजी कोर्टात गेला. न्यातीकडून त्रंबकलाल उभे राहिले.

“कागद आहे?” त्यांनी विचारलं होतं.

“कागद कसला, त्रंबक?” वलमजी पिंजऱ्यातून म्हणाला. “तूच तर होतास ना तिथे! दोरी तू धरली होतीस!”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “वकीलसाहेब?”

“मी इथे वकील म्हणून उभा आहे, साहेब. साक्षीदार म्हणून नाही.”

कायद्यात ते चोख बसलं. केस जिंकली. न्यातीने हार घातला. त्या संध्याकाळी रळियातने ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, “दोरी कुणी धरली होती?” ते म्हणाले, “कढी वाढ.” तिने कढी वाढली. पुन्हा कधी विचारलं नाही, शेवटच्या त्या दिवसापर्यंत. वलमजी त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही, आणि तेव्हापासून गावात त्यांना ‘अरे त्रंबक’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

“साहेब, कागद देऊ?” हरजीवनने खिशातून पेन काढलं.

त्रंबकलालांनी ते घेतलं. बैठकीवर मांडी घातली आणि सावकाश लिहिलं. हरजीवन वाकून वाचू लागला, तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

‘वाडीमागच्या पट्टीची मोजणी झाली तेव्हा दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं. जागा वलमजीच्या वडिलांची. वर्षाला चार दिवस कढया ठेवायला दिली होती, कायमची नाही.’

खाली सही. सहीखाली सवयीने हात ‘वकील’ लिहायला गेला. ते थांबले आणि लिहिलं, ‘साक्षीदार’.

“हे काय लिहिलंत? न्यातीने जिंकलेली केस आहे, साहेब!”

“जिंकून मी दिली होती.”

“लोक ऐकायचे नाहीत. उद्या बैठक बसेल. तुमचंसुद्धा नाव यादीतून जाईल.”

“काढाल तर सागमटे काढा,” त्रंबकलाल म्हणाले.

गोराने उपरण्यात तोंड लपवलं. हरजीवनला हसावं की रागवावं कळेना. तो चपला शोधत बाहेर पडला आणि एक चप्पल उलटी घालून पुन्हा थांबला. “विचार करा, साहेब. बावीस वर्षांचा मान आहे.”

“विचार करायलाच नऊ वर्षं लागली, हरजीवन.”

तो गेल्यावर गोर दबकत म्हणाला, “मी बरोबर येऊ? घर दाखवायला?”

“तुम्ही नको, तुमचे ओटे चुकतात. आधी केशवलालकडे जाऊन या, नाहीतर तो उद्याची पंगत मोडेल.”

गोर गेला. घर पुन्हा शांत झालं. त्रंबकलालांनी देवीपुढच्या फळीवरून रळियातची कुंकवाची डबी घेतली. झाकण घट्ट बसलं होतं, उघडायला बराच वेळ लागला. तळाशी चिमूटभर होतं. कागदाची घडी करून त्यांनी डबीबरोबर सदऱ्याच्या खिशात ठेवली. कोट खुंटीवरच राहू दिला.

ऊन कलंडलं होतं तरी घशाला कोरड पडली होती. माठ दारापाशीच होता, वर पेला पालथा घातलेला. त्यांनी पेल्याला हात लावला, रळियातचं सांगणं आठवलं, आणि पेला तसाच ठेवला.

दाराला कडी लावून ते बाजाराच्या वाटेने निघाले. त्यांना पाहून ठोके थांबले, माणसं उठली. मान खाली घालून ते ओटे मोजत होते. पाणी न पिता.