झाकणाखालची वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. पातेल्याचे कौतुक सगळे करतात, झाकणाला कोण विचारतो? पण माझी तक्रार नाही. कारखान्यातल्या यंत्राच्या एका दणक्यात मी पत्र्याचे गोल झाकण झाले आणि एका खानावळीत कामाला लागले. तिथे दिवसभर नुसती आदळआपट. माझी मूठ तुटली, कडेला पोचे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंनी आणले. मुठीच्या जागी त्यांनी दोऱ्याचे रिकामे लाकडी रीळ बसवले. त्यांच्याकडे प्रवासाला निघालेली माणसे एका सकाळपुरती शिकायला येतात. भातावर मला ठेवले की वीस मिनिटे कुणी हात लावायचा नाही, हा बाईंचा नियम. भल्याभल्यांना तो जड जातो.

एकदा एक नवराबायको आले. काकांची उभी हयात बस आगारात वेळापत्रके लावण्यात गेलेली. सहलीचे वेळापत्रकही खिशात तयार होते: भात, मग संग्रहालय, मग बाग, मग अकराची बस. काकूंची मागणी मात्र एकच होती. चाळीस वर्षे सगळ्यांना वाढले, आता एकदा तरी आयते, गरम ताट हवे, तेही नवऱ्याच्या हातचे. त्यासाठी काका शिकायला उभे होते आणि काकू खिडकीपाशी चपला काढून बसल्या होत्या.

काकांनी पाचव्या मिनिटाला मला उचलले. आठव्या मिनिटाला पुन्हा. माझ्याखालची वाफ भुर्रकन गेली. मला भारी वाईट वाटले.

बाईंनी गरम पाण्याचा हबका मारला. "काका, आता उघडलंत तर कच्चाच खावा लागेल. दुसरा लावायला वेळ नाही, पुढची मंडळी येतील."

"किती वेळ अजून?"

"वाफ गेली ना, आता आणखी पंधरा मिनिटं."

"मग संग्रहालय गेलंच म्हणायचं."

काकूंनी उठून मदत करायची नाही असे ठरवले होते. हात शिवशिवू लागले तेव्हा त्यांनी ते सरळ मांडीखाली दाबून धरले.

काकांची बोटे तिसऱ्यांदा माझ्या रिळावर आली. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी काकूंकडे पाहिले. त्या डोळे मिटून ऊन खात होत्या. बोटे हळूच मागे गेली. काका त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसले. स्टूल डगमगत होते, म्हणून त्यांनी खिशातला वेळापत्रकाचा कागद काढला, घडी घातली आणि स्टुलाच्या पायाखाली सारली.

नळ ठिबकत होता, रस्त्यावर सायकलची घंटी वाजली आणि माझ्याखाली भात बारीक आवाजात शिजत होता. इतकी छान पंधरा मिनिटे मी क्वचितच पाहिली आहेत.

काकांनी स्वतः वाढले. "खाली जरा लागलाय गं."

काकूंनी पहिला घास सावकाश खाल्ला. "लागू दे. अजून वाढा."

ताटे रिकामी झाली तरी दोघे खिडकीपाशीच बसून राहिले. अकराची बस खिडकीखालून निघून गेली. दोघांनीही मान वळवली नाही.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासा, पुसा, पण आपटू नका. आणि एकदा झाकण ठेवलेत की जरा शेजारी बसा. काका कागद न्यायला विसरले. तो अजून स्टुलाखाली आहे आणि स्टूल आता डगमगत नाही.